टेबल उलटं करून बघा

अमेरिकेत एका बाईंनी कुणाच्या तरी अंगणात विकायला मांडलेल्या जुन्या सामानातून पत्ते खेळायचं एक लहानसं टेबल उचललं, २५ डॉलरला. कित्येक वर्षं ते घरात राहिलं. १९९७ साली जुन्या वस्तूंची पारख करणाऱ्या टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात त्या ते घेऊन गेल्या. तिथल्या जाणकारांनी टेबलाची खालची बाजू तपासली, तर तिथे कागदाची जुनी चिठ्ठी डकवलेली होती. चिठ्ठीवरची नावं : बॉस्टनचे जॉन सेमूर आणि त्यांचा मुलगा, अठराव्या शतकाच्या अखेरीचे नामांकित कारागीर. १९९८च्या जानेवारीत तेच टेबल न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात ५,४१,५०० डॉलरला गेलं.

गोष्ट खरी आहे. तरीही अशा गोष्टींनी जुन्या फर्निचरचं भलं कमी आणि वाटोळं जास्त केलं, असं माझं ठाम मत आहे. जुन्या सामानाच्या दुकानात पाऊल टाकणारा प्रत्येक दुसरा माणूस आता तेच टेबल शोधत असतो. छतापर्यंत रचलेल्या खुर्च्या, एकमेकांच्या पोटात शिरलेली टेबलं, विटेच्या आधारावर उभं असलेलं तीन पायांचं कपाट, यांतून अंग चोरत तो आत जातो आणि त्याला दोनच जातींच्या वस्तू दिसतात : घबाड आणि अडगळ. मधलं काही दिसतच नाही. दुकानात असतं ते मात्र बहुतेक सगळं मधलंच. कुणा नामांकित कारागिरानं न केलेलं, कुठल्याही लिलावात न जाणारं, पण सांधे आवळून पॉलिशचा हात फिरवला की आणखी तीस-चाळीस वर्षं मुकाट काम करणारं लाकडी सामान.

हा नुसता हौशी लोकांच्या नजरेचा दोष असता तर सोडून दिलं असतं. पण ‘अमूल्य नाहीतर कवडीमोल’ हा हिशेब आता दुकानापुरता राहिलेला नाही, घराघरांत आणि कचऱ्याच्या धोरणातही तोच चालतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे आकडे बघा. १९६० साली तिथल्या शहरी कचऱ्यात फर्निचर आणि तत्सम सामान होतं सुमारे २२ लाख टन. २०१८ साली ते झालं १ कोटी २१ लाख टन. मधल्या काळात देशाची लोकसंख्या दुप्पटही झाली नाही, फर्निचरचा कचरा मात्र साडेपाचपट झाला. त्यातला ८० टक्के जमिनीत पुरला गेला, उरलेला जवळपास सगळा जाळला गेला. पुन्हा कच्चा माल म्हणून कामी आला तो ०.३ टक्के.

माणसं एकदम साडेपाचपट उधळी झाली, असं काही यावरून म्हणता येत नाही. सामान बदललं. कसं बदललं ते कळायला कुठल्या अहवालापेक्षा जुन्या फर्निचरचं दुकान बरं, कारण तिथे प्रत्येक वस्तू आपली पाठ दाखवत उभी असते.

जाणतं गिऱ्हाईक कपाटाच्या समोर फार वेळ थांबत नाही. ते ड्रॉवर पूर्ण बाहेर काढतं, उलटा करतं आणि कोपऱ्याकडे बघतं. समोरची फळी आणि बाजूची फळी एकमेकींत कशा अडकवल्यात? पंख्याच्या आकाराच्या खाचा असतील, म्हणजे सुतार ज्याला डोव्हटेल म्हणतात तो सांधा असेल, तर ड्रॉवर लाखो वेळा ओढला तरी समोरची फळी हातात येणार नाही. त्या खाचा थोड्या लहान-मोठ्या, आखणीची रेघ अजून दिसते आहे अशा असतील तर त्या हातानं केलेल्या आहेत. सगळ्या एकसारख्या असतील तर यंत्राच्या. यंत्राच्या म्हणून त्या वाईट नव्हेत, हे घबाडवाल्यांना कुणीतरी सांगायला हवं. मग बोटाचं पेर तळफळीवरून फिरवायचं. हातरंध्यानं काढलेल्या पृष्ठभागावर अगदी हलक्या लाटा लागतात. गोल करवतीनं कापलेल्या फळीवर कमानीसारखे ओरखडे असतात. स्क्रूच्या डोक्यावर अधिकाची खूण असेल तर तो स्क्रू १९३०च्या दशकाच्या आधीचा नाही, कारण फिलिप्स स्क्रूचं पेटंटच १९३६चं. स्क्रू नंतर कुणी दुरुस्तीत घातला असेल, तर तेही चांगलंच. त्या कपाटाला एकदा तरी दुरुस्त करावंसं कुणाला वाटलं होतं, एवढं त्यावरून कळतं.

गोल टेबलाला टेप लावून बघण्यात एक वेगळीच गंमत आहे. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडव्या अंगानं आकसतं. त्यामुळे भरीव लाकडाचं जुनं गोल टेबल अगदी गोल राहत नाही, एका बाजूनं किंचित कमी भरतं. शंभर वर्षांचं म्हणून विकायला ठेवलेलं भरीव टेबल दोन्हीकडून तंतोतंत सारखं भरलं, तर दुकानदाराकडे जरा निरखून बघावं. कीड लागलेली आहे की लागून गेलेली आहे, हेही असंच कळतं. भोकं जुनी, कडा मळलेल्या असतील तर किडा केव्हाच गेला. भोकाखाली ताजा, फिकट भुसा पडत असेल तर तो अजून जेवतोय, आणि तुमच्या घरी येऊनही जेवेल.

खुर्चीवर आधी बसायचं, मग ती उचलून कानाशी हलवायची. कुरकुरली तर सांधा सुटलाय, आणि जुन्या खुर्चीचा सांधा सुटणं ही चांगली बातमी असू शकते. पूर्वी सांध्यात सरस वापरत, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला. ऊब आणि ओल मिळाली की तो नरम पडतो. सुतार सांधा सोडवतो, खाच आणि तिच्यात बसणारी कूस साफ करतो, नवा सरस घालून आवळतो, आणि खुर्ची पुन्हा कामाला लागते. पॉलिशचंही तेच. चपड्याच्या लाखेचा थर स्पिरिटमध्ये विरघळतो, त्यामुळे खराब झालेला तुकडा तेवढाच दुरुस्त करता येतो. ज्या लोकांनी हे सामान केलं त्यांनी ते कधीतरी मोडेल हे गृहीत धरलं होतं. मोडल्यावर उघडायचं कसं, याची सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती.

आता त्याच दुकानाच्या तोंडाशी, पावसात अर्धवट भिजत ठेवलेल्या कपाटाकडे या. वरून लाकडाच्या रेषा छापलेला कागद, आत पार्टिकल बोर्ड. पाणी लागून पायथा फुगलाय, कोपऱ्यावरचा कागद सुटलाय, बिजागरीचे स्क्रू निघाले त्या जागी भोक नाही, खड्डा आहे. घर बदलताना एकदा खोललं, पुन्हा जोडलं, तेव्हाच त्याचं आयुष्य संपलं. लाकडाच्या चुऱ्यात स्क्रूचा आटा दुसऱ्यांदा धरत नाही. दुकानदार असं कपाट घेत नाही. कुणी रात्री गुपचूप दाराशी ठेवून गेलं तर टाकायचा खर्च त्याच्याच गळ्यात पडतो. पन्नास वर्षांनी या दुकानांत शोधायला काय असेल, याचं उत्तर त्या फुगलेल्या पायथ्यात आहे.

पार्टिकल बोर्डाला सरसकट शिव्या देणं मात्र अन्याय होईल. जर्मनीत १९३०च्या दशकात माक्स हिमेलहेबर यांनी त्यावर काम केलं ते लाकडाची नासाडी थांबावी म्हणूनच. झाड कापून फळ्या काढल्यावर उरणारे तुकडे आणि चुरा वाया जात होता, तो राळेनं बांधून त्याची फळी करावी ही कल्पना उत्तमच होती. एका जागी बसवलेल्या, ओल न लागणाऱ्या कपाटाला ती फळी वर्षानुवर्षं चालते. लाकूड वाचवायला निघालेली कल्पना शेवटी जमिनीत पुरायच्या कचऱ्याची मोठी धनी झाली, यात दोष कल्पनेचा कमी आणि हिशेबाचा जास्त. कारखान्याच्या हिशेबात फळीचं आयुष्य पहिल्या गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतच मोजलं जातं. दुसरं गिऱ्हाईक त्या वहीत नसतंच.

इथे लगेच उत्तर येतं, की स्वस्त आणि खोलता-जोडता येणारं फर्निचर हवं असेल तर एवढी तडजोड करावीच लागते. भाड्यानं राहणारे, शिकणारे, दर दोन वर्षांनी गाव बदलणारे लोक भरीव लाकडाची धूडं पाठीवर घेऊन फिरणार का? हा आक्षेप खराखुरा आहे आणि जुन्याच्या प्रेमात पडलेले लोक तो हसून उडवून लावतात, हे मला बिलकूल पटत नाही. पण याचं उत्तर १८५९ सालीच देऊन झालंय. मिखाएल थोनेट यांच्या कारखान्यानं त्या वर्षी १४ नंबरची खुर्ची बाजारात आणली. वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. खुर्च्या सुट्या भागांत पाठवल्या जात, एक घनमीटर खोक्यात ३६ मावत. सामान्य कॉफीगृहांना परवडेल अशा किमतीची ही खुर्ची १९३० पर्यंत सुमारे ५ कोटी विकली गेली. म्हणजे स्वस्त, कारखान्यात होणारी, सुटी करून पाठवता येणारी, आणि तरीही आज जुन्या बाजारात सापडणारी. वेताची बैठक फाटली तर तेवढीच विणून घ्यायची, स्क्रू ढिला झाला तर आवळायचा. आयकियानं १९५६च्या सुमारास सपाट खोक्यातलं फर्निचर विकायला सुरुवात केली, त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीची ही गोष्ट. सुटं करता येणं आणि तकलादू असणं यांची गाठ निसर्गानं बांधलेली नाही, पुढच्या काळात उत्पादकांनी ती बांधली.

घबाडाच्या नजरेचं टोक बघायचं असेल तर चंदीगडच्या खुर्च्यांची कथा आठवावी. ते शहर उभं राहत असताना त्याची आखणी करणारे ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ, वास्तुविशारद पिएर जानेरे यांच्या देखरेखीखाली सरकारी कचेऱ्या, महाविद्यालयं, ग्रंथालयं यांच्यासाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या-टेबलं मोठ्या संख्येनं झाली. सुतार तिथलेच होते. पुढे वीण तुटली, पाय डुगडुगायला लागले, तेव्हा ती गच्चीवर आणि मागच्या अंगणात फेकली गेली आणि भंगार म्हणून लिलावात निघाली. परदेशी व्यापाऱ्यांनी ती उचलली, दुरुस्त केली, आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत त्यांना डोळे पांढरे होतील अशा किमती आल्या. मग इथे आरडाओरडा सुरू झाला. १९७२चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना लागू होतो, त्यात या खुर्च्या बसत नव्हत्या. २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयानं त्यांच्या विक्रीवर आणि परदेशी पाठवण्यावर बंधन घालणारा आदेश काढला.

या प्रकरणात सगळ्यांनी परदेशी व्यापाऱ्यांवर तोंडसुख घेतलं. पण त्या खुर्चीच्या आयुष्यात एक साधा, बिनखर्चिक टप्पा होता, आणि तो कुणालाच दिसला नाही : वीण तुटली तेव्हा ती विणून घेणं. कालपर्यंत कवडीमोल होती म्हणून गच्चीवर गेली, आज अमूल्य झाली म्हणून काचेमागे गेली. दोन्ही वेळा तिच्यावर बसायचं कुणाच्या मनात आलं नाही. ती खुर्ची होती.

घबाडाच्या या खेळात विकणारा आणि घेणारा एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात, तेही जाता जाता सांगायला हवं. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयापुढे बाल्डुस या छायाचित्रकाराच्या जुन्या छायाचित्रांचं प्रकरण आलं होतं. विकणाऱ्या व्यक्तीला त्यांची खरी किंमत ठाऊक नव्हती, घेणाऱ्याला होती. खरी किंमत विक्रेत्याला सांगायला घेणारा बांधील नाही, असा निकाल २००० साली लागला. कायदा म्हणून तो ठीकच असेल. पण गप्प राहून दुसऱ्याच्या अज्ञानावर कमावणं हा ज्याच्या खरेदीचा आनंद आहे, त्याला मी ‘जुन्या वस्तूंचा रसिक’ म्हणणार नाही. साधं, मधल्या दर्जाचं कपाट घेताना हा प्रश्न उद्भवतच नाही. दोघांनाही ते काय आहे हे नीट दिसत असतं.

तर मुद्दा असा की जुन्या दुकानात जे तपासता येतं, ते नव्या दुकानात तपासता आलं पाहिजे. झगमगत्या दालनात मांडलेलं कपाट उलटं करून बघायची सोय नसते. तिथे मिळतं ते नाव, रंग आणि मासिक हप्ता. आत कुठली फळी आहे, सांधा कसला, डिंक कसला, किती वेळा खोलून जोडता येईल, बिजागरी मोडली तर तीच बिजागरी दहा वर्षांनी मिळेल का, हे कुठेही लिहिलेलं नसतं. ते वस्तूवरच कायमचं लिहिलेलं असावं, अशी सक्ती करावी. फ्रिजवर विजेच्या वापराचे तारे छापायला लावले तेव्हाही हीच कुरकुर झाली होती, की लोकांना त्यातलं काय कळतंय.

एक चिठ्ठी सामानाचं नशीब कसं ठरवते याचा अनुभव ब्रिटननं घेतलाय, आणि तो पूर्ण गोड नाही. १९७९ साली मँचेस्टरमधल्या एका मोठ्या दुकानाच्या फर्निचर विभागात आग लागून १० माणसं गेली. फोमच्या गाद्यांचा धूर किती जीवघेणा असतो ते तेव्हा नीट कळलं. पुढे १९८८ साली गादी असलेल्या फर्निचरसाठी आगीचे कडक नियम आले, आणि ते वापरलेल्या सामानाच्या विक्रीलाही लागू झाले. नियम हवाच होता. पण धर्मादाय दुकानदारानं सोफा नियमात बसतो हे ओळखायचं कसं? तर त्यावर शिवलेल्या चिठ्ठीवरून. ती चिठ्ठी कुणी दिसायला वाईट म्हणून कापून टाकली की धडधाकट सोफा दुकान घेत नाही. म्हणून म्हणतो, कायमचं म्हणजे खरोखर कायमचं, लाकडात कोरलेलं किंवा डाग देऊन उठवलेलं.

सुरक्षेच्या बाबतीत जुन्याचा लोभ आवरावा, हेही त्याच दमात. सरकत्या कठड्याच्या बाळखाटांनी मुलं दगावल्यावर अमेरिकेत २०११ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आली, वापरलेल्या खाटांच्या विक्रीवरसुद्धा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. उंच, अरुंद ड्रॉवरचं कपाट भिंतीला पक्कं न करता मुलांच्या खोलीत ठेवू नये, मग ते कितीही देखणं असो. गादीची वस्तू घेताना शिवणीच्या कडा उजेडात उलगडून बघाव्यात. ढेकूण महिनोन् महिने उपाशी राहू शकतो. सामान दुकानात पडून होतं म्हणून तो मेला असेल या भरवशावर राहू नये.

राहिला प्रश्न पैशाचा. टिकाऊ आणि दुरुस्त होणारं सामान करायला लावलं तर नवं फर्निचर थोडं महाग होईल, हे कबूल करून टाकलेलं बरं. पण आजचं स्वस्त सामान स्वस्त वाटतं, कारण ते पुरायचा आणि जाळायचा खर्च किमतीत धरलेला नसतो. तो सगळ्यांच्या करातून जातो, ज्यांनी ते कपाट कधी घेतलंच नाही त्यांच्याही. फ्रान्सनं २०१३ पासून हा खर्च फर्निचरच्या उत्पादकांवर टाकला. नव्या वस्तूच्या बिलात तेवढी रक्कम वेगळी दाखवलेली असते. युरोपीय संघानं २०२४ साली वस्तूंचा टिकाऊपणा आणि दुरुस्ती यांच्या नियमांचा नवा कायदा केला आणि पहिल्या टप्प्याच्या यादीत फर्निचर आणि गाद्या घातल्या. हे नियम लिहिले जातील तेव्हा टेबलाभोवती मोठे उत्पादक असतील, पर्यावरणवाले असतील. ज्यानं आयुष्यभर मोडलेले ड्रॉवर उघडून पाहिलेत तो जुन्या सामानाचा दुकानदार तिथे बहुधा नसेल. खरं तर कुठला सांधा आधी जातो हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

त्याची अडचण मात्र वेगळीच आहे, जागेची. साध्या कपाटाला योग्य गिऱ्हाईक मिळेपर्यंत सहा महिने जातात, आणि तेवढा काळ ते जागा अडवून उभं असतं. दुकानातला पसारा हा आळशीपणा नसतो, तो भाड्याचा हिशेब असतो. म्हणूनच दुकानदारसुद्धा हळूहळू घबाडाकडे झुकतो. दोन दुर्मीळ खुर्च्या ठेवाव्यात आणि वीस साधी कपाटं नाकारावीत, हे त्याला परवडतं. इथे नगरपालिकांनी हात घालायला हवा. व्हिएन्ना शहराच्या कचरा विभागानं २०१५ साली स्वतःचं जुन्या वस्तूंचं दुकान उघडलं. त्याच वर्षी स्वीडनमधल्या एस्किल्स्टुनात कचरा संकलन केंद्राला लागूनच एक अख्खा बाजार सुरू झाला. लोक सामान टाकायला येतात, तिथले कर्मचारी त्यातलं चालण्याजोगं वेगळं काढतात आणि ते शेजारच्या दुकानांत विकलं जातं. यासाठी फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. एक कोरडी शेड, एक हातगाडी, आणि सामान क्रशरमध्ये जाण्याआधी त्याचे ड्रॉवर उघडून बघणारा एक पगारी सुतार.